पाच तारांचा रिमोट: जुन्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आजच्या कॉम्प्युटरला जोडताना

माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या रिमोटचा नऊ भोकांचा प्लग जुन्या डेस्कटॉपच्या मागच्या एका सॉकेटमध्ये अगदी मापात बसतो. बसवू नका. ते सॉकेट सिरियल पोर्टचं (जुने माउस, मोडेम लावायचं) असतं, त्याच्या पिनांवर उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत खेळ चाललेला असतो आणि रिमोटमधल्या चिपला सवय ५ व्होल्टांची. प्लग बसला म्हणजे जोडणी जमली, असं या जुन्या वस्तूंच्या बाबतीत समजायचं नाही. खाली जे सांगणार आहे त्यातलं निम्मं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

रिमोट हा आपला लहानपणचा शब्द. कंट्रोलर, गेमपॅड हे नंतर आले. नव्वदच्या दशकात समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी जी यंत्रं घराघरांत आली, ज्यांत ‘कॅसेट’ खोचायची आणि चालली नाही तर फुंकर मारायची, ती सगळी जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. निन्टेन्डोने फॅमिकॉम जपानमध्ये १९८३च्या जुलैत आणला. अमेरिकेत तोच १९८५मध्ये एनईएस नावाने गेला. आता एक मजेशीर तपशील: मूळ फॅमिकॉमचे रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले होते, त्यांना काढता-घालता येईल असा प्लगच नव्हता. मग नकला करणाऱ्यांनी जो प्लग स्वस्त आणि हाताशी होता तो लावला. कुणी नऊ पिनांचा, कुणी पंधरा पिनांचा. आतल्या तारांचे रंग तर कारखान्यात त्या दिवशी जी केबल आली असेल तिच्यावर. म्हणून इंटरनेटवर सापडलेला तारांच्या रंगांचा तक्ता आपल्या रिमोटला लागू पडेलच असं नाही. रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा.

आधी हातात काय आहे ते ओळखा

प्लग नऊ पिनांचा दिसला की तीन शक्यता असतात, आणि तिन्हींच्या तारा वेगळ्या. अटारी पद्धतीच्या जॉयस्टिकमध्ये चिप नसतेच. प्रत्येक दिशेला एक साधा स्विच, प्रत्येकाची स्वतंत्र तार आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टांची तार. सेगा मेगा ड्राइव्हच्या रिमोटमध्ये ५ व्होल्ट पाचव्या पिनवर येतात आणि एकाच तारेवर आळीपाळीने दोन बटणं वाचली जातात. आपल्या घरगुती नकली यंत्रांच्या रिमोटमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या पिनवर डेटा, तिसऱ्यावर लॅच, चौथ्यावर क्लॉक, सहाव्यावर ५ व्होल्ट आणि आठव्यावर ग्राउंड असतो. (डेटा, लॅच, क्लॉक म्हणजे काय ते पुढे येतंच.) ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम घातलेत. सेगाचा तयार अडॅप्टर आणून त्यात हा रिमोट खोचणं म्हणजे प्लग बसला, जोडणी फसली.

प्लेस्टेशनचा रिमोट असेल तर स्वतः काही करू नका. त्याची भाषा वेगळी, व्होल्टेज ३.३, शिवाय थरथरणाऱ्या मोटरसाठी वेगळी तार. आणि त्याचे यूएसबी अडॅप्टर स्वस्तात मिळतात. निन्टेन्डो ६४चा रिमोट एकाच तारेवरून बोलतो आणि एकेक बिट ४ मायक्रोसेकंदांत संपवतो. तिथेही तयार अडॅप्टर घेतलेला बरा. २००१च्या पहिल्या एक्सबॉक्सचा रिमोट मात्र गंमत आहे: तो आतून यूएसबीच आहे, फक्त प्लगचा आकार बदललाय. अस्सल एनईएस आणि त्यानंतरचा सुपर निन्टेन्डो यांना मात्र इथली पद्धत, म्हणजे रिमोट आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये प्रोग्राम केलेला एक छोटा बोर्ड, जवळपास जशीच्या तशी लागू पडते.

माझा भर आपल्या नकली यंत्रांच्या रिमोटवर आहे. एक तर आपल्याकडे तोच जास्त सापडतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्यासाठी खात्रीने बसेल असा तयार अडॅप्टर मिळणं कठीण.

आत काय चालतं

हा भाग वगळून थेट जोडणीवर उडी मारायचा मोह होईल. मारू नका, कारण तारा ओळखायची युक्ती यातूनच निघते.

रिमोटवर आठ बटणं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट आणि चार दिशा. यंत्रापर्यंत जाणाऱ्या तारा मात्र पाच, आणि त्यातल्या दोन नुसत्या विजेच्या. उरलेल्या तिघींवरून आठ बटणांची खबर कशी जाते? अस्सल रिमोटमध्ये ४०२१ नावाची एक साधी सोळा पायांची चिप असते. आपण लहानपणी ‘स्टॅच्यू’ खेळायचो तसंच तिचं काम. यंत्र लॅचच्या तारेवर एक ठोका देतं: स्टॅच्यू! त्या क्षणी जे बटण दाबलेलं असेल ते दाबलेलं, जे सुटं ते सुटं, अशी आठही बटणांची अवस्था गोठते. मग यंत्र क्लॉकच्या तारेवर एकेक टाळी वाजवतं आणि प्रत्येक टाळीला डेटाच्या तारेवर पुढच्या बटणाचं उत्तर येतं. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. पहिल्या बटणाचं उत्तर टाळीची वाट बघत नाही, स्टॅच्यू म्हटल्यावर ते डेटावर आलेलंच असतं. दाबलेलं बटण म्हणजे शून्य व्होल्ट, सुटं म्हणजे पूर्ण व्होल्ट. हे उलटं वाटतं, पण लक्षात ठेवा.

निन्टेन्डोचं यंत्र हा सगळा सवाल-जवाब सेकंदाला सुमारे ६० वेळा करतं. लॅचचा ठोका १२ मायक्रोसेकंदांचा. आजच्या सगळ्यात स्वस्त मायक्रोकंट्रोलरलाही (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपलाही) हे डाव्या हाताचं काम.

नकली रिमोट उघडलात तर सोळा पायांची चिप बहुधा दिसणार नाही. तिच्या जागी काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो. चिपचा नुसता तुकडा बोर्डवर चिकटवून वरून रेझिन ओतलेलं. वागणूक मात्र तीच.

उघडा आणि धुवा

आधी सफाई. तीस वर्षांच्या धुळीवर वायरिंग करून मग ‘ए बटण लागत नाही’ म्हणून प्रोग्राममध्ये चूक शोधत बसणं हा वेळेचा निव्वळ नाश आहे, आणि तो मी केलेला आहे.

मागचे स्क्रू काढून वरचा भाग उपडा ठेवूनच उघडा, नाहीतर बटणं टणाटण उड्या मारत पलंगाखाली जातात. उघडल्यावर फोटो काढा. केबल ज्या खुंट्यांमधून वळवून घेतलेली असते ते वळण विशेष करून टिपा, कारण ओढ तिथे थांबते, सोल्डरच्या जोडांवर येत नाही. प्लॅस्टिकचे भाग आणि बटणं भांड्यांच्या साबणाने धुवायची. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या वाटेला जायचं नाही, प्लॅस्टिक विरघळतं. बोर्डवरच्या काळ्या पट्ट्या आणि रबराच्या घुमटांखालच्या काळ्या टिकल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या इअर बडने हलक्या हाताने पुसा. घासायचं नाही. तो काळा थर कार्बनचा आहे आणि तोच गेला तर बटण कायमचं गेलं. टिकली झिजलेलीच असेल तर ४बी किंवा ६बी पेन्सिलचं शिसं तिच्यावर गिरवून काही आठवडे निघतात, पण तो उपाय तात्पुरता. दुसऱ्या एखाद्या मेलेल्या रिमोटचं रबर काढून बसवणं चांगलं. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात असे रिमोट ढिगाने पडलेले असायचे. नजर ठेवली तर अजूनही एखादा हाती लागतो.

तारा ओळखायच्या

इथे घाई करायची नाही. लागणारी वस्तू एकच: डायोड मोड असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर. बीप वाजणाऱ्या खुणेजवळच बहुधा डायोडची खूण असते.

रिमोट कशालाही न जोडता, बोर्डवर केबल जिथे सोल्डर केली आहे ते पाच ठिपके बघा. पाचांपेक्षा जास्त तारा असतील तर जास्तीच्या कुठेच जोडलेल्या नसतात किंवा टर्बो बटणांसाठी असतात. त्यांना बाजूला ठेवा.

पहिली ओळखायची ग्राउंड. कुठल्याही बटणाच्या पट्ट्या बघा, दोन बोटं एकमेकांत गुंतवल्यासारख्या असतात. त्यातली एक बाजू सगळ्या बटणांना सामाईक असते, तीच ग्राउंड. मीटरची एक टोकणी (प्रोब) तिथे आणि दुसरी आळीपाळीने पाच ठिपक्यांवर. इथे बीप वाजेलच असं नाही! कार्बनच्या पट्टीचा स्वतःचाच रोध काही ओहम ते बऱ्याच जास्त असू शकतो. म्हणून ओहमच्या मोडवर बघा: ज्या ठिपक्यावर आकडा सगळ्यात कमी येतो तो ग्राउंड.

आता डायोड मोड. लाल टोकणी ग्राउंडवर आणि काळी बाकीच्या चारांवर ठेवत जा. प्रत्येक ठिकाणी साधारण ०.५ ते ०.७ असा आकडा दिसायला हवा. चिपच्या प्रत्येक पायाला संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) असतात, त्यांचा हा आकडा. पुढे उलटं करा: काळी टोकणी एका ठिपक्यावर स्थिर ठेवा आणि लाल बाकीच्यांवर फिरवा. ज्या एका ठिपक्यावर काळी असताना बाकी सगळीकडून आकडा येतो, तो ५ व्होल्टांचा. लक्षात ठेवायला सोपं: ग्राउंड सगळ्यांना देतो, ५ व्होल्ट सगळ्यांकडून घेतो.

उरल्या तीन: लॅच, क्लॉक, डेटा. यांना ओळखायला वीज द्यावी लागते. ५ व्होल्ट आणायला पुढे ज्या अर्डुइनो बोर्डवर हे सगळं बसवायचं आहे तोच वापरा, मात्र पहिल्यांदा तो कॉम्प्युटरला न लावता मोबाइलच्या जुन्या चार्जरला लावा. काही चुकलंच तर चार्जर जाईल, लॅपटॉपचा पोर्ट नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडा. उरलेल्या तिघांपैकी एका तारेला १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट द्या. ही तार लॅच आहे असं आपण समजतोय. आता मीटर व्होल्टवर ठेवून दुसऱ्या तारेचं व्होल्टेज बघत ए बटण दाबा. दाबल्यावर व्होल्टेज खाली आलं आणि सोडल्यावर वर गेलं, तर बिंगो: पहिली लॅच, दुसरी डेटा, राहिलेली क्लॉक. नाही जमलं तर जोडी बदला. जास्तीत जास्त सहा जोड्या होतात, पाच मिनिटांचं काम.

हे का चालतं? लॅच वर धरून ठेवली की चिप गोठतच नाही, ए बटणाची अवस्था सरळ डेटावर येत राहते. आणि रेझिस्टर कशासाठी? आपण चुकून डेटाच्याच तारेला ५ व्होल्ट दिले, तर चिप एकीकडे शून्य ओढतेय आणि आपण दुसरीकडे ५ कोंबतोय अशी झटापट होते. रेझिस्टर असला की ती निरुपद्रवी राहते.

अस्सल एनईएसचा रिमोट असेल आणि ४०२१ डोळ्यांना दिसत असेल तर एवढे कष्ट नकोत. चिपचा सोळावा पाय ५ व्होल्ट, आठवा ग्राउंड, नववा लॅच, दहावा क्लॉक आणि तिसरा डेटा. बीपने मोजून बघा, झालं.

ओळखलेल्या तारांची नावं कागदावर लिहून ठेवा. रंग, नाव, प्लगवरचा पिन नंबर, असे तीन रकाने. पिन नंबर प्लगच्या प्लॅस्टिकवर अतिशय बारीक कोरलेले असतात, भिंग लागतं. समोरून बघताना आणि मागून बघताना क्रम आरशासारखा उलटतो. माझ्या माहितीत सगळ्यात जास्त चुका या एका ठिकाणी होतात.

केबल कापू नका

हा माझा हट्ट समजा. जुना प्लग कापून तारा थेट बोर्डला सोल्डर करणं सोपं आहे खरं, पण एकदा कापला की तो रिमोट पुन्हा कुठल्याच यंत्राला लागत नाही. त्यापेक्षा नऊ पिनांचा डी कनेक्टर, मेल, आणा. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठेही मिळतो. तिथेच रेझिनकोअर सोल्डर घ्या. दुकानात ‘शोल्डर’ म्हटलं की जास्त लवकर मिळतं. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना षटकोनी स्क्रू असतात ते काढून टाका, नाहीतर रिमोटचा प्लग पुरता आत जात नाही.

बोर्ड कुठला? अर्डुइनो लिओनार्डो किंवा त्याचा धाकटा भाऊ प्रो मायक्रो. दोघांतही एटमेगा ३२यू४ ही चिप आहे आणि ती स्वतः यूएसबी बोलते, म्हणजे कॉम्प्युटरला ‘मी गेमपॅड आहे’ असं थेट सांगू शकते. घरात जुना अर्डुइनो उनो (आर३पर्यंतचा) पडला असेल तर त्याचा इथे सरळ उपयोग नाही. त्याच्या मुख्य चिपला यूएसबी येत नाही. प्रो मायक्रो ५ व्होल्टांचा आणि ३.३ व्होल्टांचा असा दोन प्रकारांत मिळतो. ५ व्होल्टांचाच मागा. रास्पबेरी पाय पिको वापरायचा असेल तर चालेल, पण त्याच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. मग रिमोटलाही पिकोचेच ३.३ व्होल्ट द्या. ४०२१ जातीच्या चिपा ३ व्होल्टांपासून चालतात, कुरकुरत नाहीत. थेंबवाल्या नकली रिमोटचं मात्र आधी तपासून बघा.

जोडणी अगदी साधी. बोर्डच्या व्हीसीसी या विजेच्या पिनमधून रिमोटचे ५ व्होल्ट, ग्राउंडला ग्राउंड, आणि लॅच, क्लॉक, डेटा तीन डिजिटल पिनांना; मी २, ३, ४ वापरतो. प्रत्येक जोडावर हीट श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडा चढवा. प्रो मायक्रोच्या स्वस्त बोर्डवरचं मायक्रो यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं. पाच-पंचवीसदा केबल काढली-घातली की तांब्यासकट उखडून येतं. त्याच्या भोवती इपॉक्सीचा एक थर लावून टाका, आणि केबल कायमची लावलेली ठेवा. सगळा संसार एका छोट्या डबीत. माझा तंबाखूच्या जुन्या डबीत आहे, आजोबांच्या. डबी पत्र्याची असेल तर आत जाड कागद लावायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट.

प्रोग्राम

दोन मार्ग आहेत. तयार मार्ग म्हणजे डेमनबाइट हा मुक्त प्रोग्राम: प्रो मायक्रोसाठीच लिहिलेला, एनईएस, सुपर निन्टेन्डो, सेगा अशा रिमोटांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असलेला. तो वापरायचा तर तारा त्याच्या आकृतीप्रमाणे लावा, माझ्या २-३-४ प्रमाणे नाही.

दुसरा मार्ग स्वतः लिहायचा, आणि अर्डुइनोची थोडी ओळख असेल तर मी हाच सुचवेन, कारण प्रोग्राम पानभराचाही होत नाही. अर्डुइनोसाठीची जॉयस्टिक लायब्ररी घ्या. लॅच आणि क्लॉक आउटपुट, डेटा इनपुट पुलअप. पुलअप महत्त्वाचा: रिमोट काढून ठेवला तर डेटाची तार वरच राहते आणि कॉम्प्युटरला कुठलंच बटण दाबलेलं दिसत नाही. मग प्रत्येक फेरीत लॅच वर, १२ मायक्रोसेकंद थांबा, लॅच खाली. डेटा वाचा, हे ए. क्लॉक वर, ६ मायक्रोसेकंद, क्लॉक खाली, ६ मायक्रोसेकंद. डेटा वाचा, हे बी. असं आठव्या उत्तरापर्यंत. शून्य आलं तर बटण दाबलेलं. आधीच्या फेरीपेक्षा काही बदललं असेल तरच कॉम्प्युटरला कळवा, आणि फेऱ्यांमध्ये मिलिसेकंदभर श्वास घ्या.

आठच वाचा. सुपर निन्टेन्डोच्या रिमोटसाठी लिहिलेला प्रोग्राम सोळा उत्तरं वाचतो. तो अस्सल एनईएसच्या रिमोटला लावला की नवव्यापासूनची सगळी बटणं कायम दाबलेली दिसतात, कारण चिपच्या शेपटीचं टोक ग्राउंडला बांधलेलं असतं. हे माहीत नसेल तर रिमोट बिघडलाय असंच वाटतं. उलट सुपर निन्टेन्डोसाठी सोळाच वाचायची. तिथे क्रम बी, वाय, सिलेक्ट, स्टार्ट, चार दिशा, ए, एक्स, एल, आर असा आहे आणि शेवटची चार रिकामी.

दिशा कशा पाठवायच्या, अक्ष म्हणून (जॉयस्टिकच्या दांडीसारख्या) की हॅट स्विच म्हणून (दिशांच्या वेगळ्या बटणासारख्या)? दोन्ही चालतात. जुने, साधे प्रोग्राम अक्षच ओळखतात, म्हणून मी अक्ष पाठवतो. शिवाय डावं आणि उजवं एकदम आलं तर दोन्ही रद्द करा. नव्या रिमोटमध्ये असं होत नाही, पण मधली खुंटी झिजलेल्या जुन्या रिमोटमध्ये चारी दिशा एकदम दाबल्या जाऊ शकतात, आणि काही गेम त्यावर भलतंच काही करतात.

बोर्डवर प्रोग्राम चढवताना अर्डुइनोच्या यादीत ‘लिओनार्डो’ निवडलं की ५ व्होल्टांच्या प्रो मायक्रोचं काम होतं. चढता चढेना तर बोर्डची रिसेट आणि ग्राउंड ही दोन टोकं तारेने दोनदा पटपट टेकवा. ८ सेकंद बोर्ड नवा प्रोग्राम घ्यायला तयार राहतो, तेवढ्यात अपलोड दाबायचं. आणि बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर सगळ्यात आधी केबल बदला. इअरफोनसोबत येणाऱ्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या ताराच नसतात. माझी एक अख्खी संध्याकाळ अशा केबलने खाल्ली. बोर्डवरचा दिवा तर छान लागत होता!

चाचणी

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि आर दाबा, ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) हे इंग्रजीत टाइप करा, जुनी गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिथे दाबलेलं बटण लाल होतं. लिनक्सवर जेएसटेस्ट किंवा ईव्हीटेस्ट. मॅकवर ब्राउझरमधलं कुठलंही गेमपॅड तपासणीचं पान पुरतं.

लक्षणं आणि कारणं साधारण अशी. सगळी बटणं कायम दाबलेली: डेटाची तार ग्राउंडला टेकलीय किंवा रिमोटला वीजच पोचत नाहीये. कुठलंच बटण लागत नाही: लॅच आणि डेटा उलटसुलट. ए दाबलं की आठही बटणं एकदम: क्लॉकची तार सुटलीय, चिप पहिलंच उत्तर पुन्हा पुन्हा देतेय. केबल हलवली की भुतासारखी बटणं दाबली जातात: केबल आतून तुटलीय, बहुधा रिमोटच्या तोंडाशी, जिथे आपण सगळ्यांनी ती वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली.

खेळायला बसताना

रेट्रोआर्क या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा गेमपॅड पहिल्यांदा ओळखला जाणार नाही. बटणं एकदा हाताने नेमून द्यावी लागतात. आठच बटणं असल्याने मेन्यू उघडायला वेगळं बटण उरत नाही, म्हणून सेटिंगमध्ये स्टार्ट आणि सिलेक्ट एकत्र दाबले की मेन्यू, असं ठरवा. विंडोजवरचे बरेचसे नवे गेम फक्त एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर मानतात; तिथे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची इनपुट सोय मध्ये दुभाष्याचं काम करते.

गेमच्या फायलींबद्दल एकच: बाजारात फुकट फिरणाऱ्या बहुतेक फायली कॉपीराइट मोडूनच फिरतात. (आपल्या ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटही काही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या.) एनईएससाठी आजही हौशी मंडळी नवे गेम लिहितात आणि त्यातले कित्येक मोफत देतात. नव्या रिमोटची सुरुवात तिथून करा.

गेम लहानपणीपेक्षा वेगाने पळतोय असं वाटलं तर तो तुमच्या वयाचा दोष नाही. अमेरिकी आणि जपानी यंत्रं सेकंदाला ६० चित्रं दाखवत. भारतात टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा, आणि आपल्याकडची बरीच यंत्रं त्या चालीने चालत. काही इम्युलेटरांत (जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामांत) ‘डेंडी’ नावाचा पर्याय असतो. डेंडी हा रशियात गाजलेला असाच फॅमिकॉमचा नकली भाऊ. तो निवडून बघा, सावकाश चाल परत येते.

उडी उशिरा लागते अशी तक्रार बऱ्याच जणांची असते आणि खापर रिमोटवर फुटतं. हिशेब बघा. ६० चित्रांच्या गतीत एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. प्रो मायक्रो दर मिलिसेकंदाला यूएसबीवर उत्तर देऊ शकतो, म्हणजे त्याचा उशीर जाणवण्याजोगा नाहीच. स्वस्त तयार अडॅप्टर मात्र ८-१० मिलिसेकंदांनी एकदा बोलणारे असू शकतात. आणि टीव्हीचं तर विचारूच नका. तो चित्र सजवत बसतो. टीव्हीत गेम मोड असेल तर लावा. तरी टोचत असेल तर रेट्रोआर्कमध्ये ‘रन अहेड’ ही उशीर कमी करणारी सोय एका चित्रावर ठेवून बघा.

बंदूक मात्र सोडून द्या. बदकं मारायची ती बंदूक जुन्या जाड पडद्याच्या टीव्हीवर क्षणभर उजळणारा पांढरा चौकोन काचेतून हेरायची; एलसीडीवर ते चित्र वेळेत आणि त्या पद्धतीने उमटतच नाही, त्यामुळे तार कितीही नीट जोडली तरी नेम लागत नाही. पाहुण्यांना दाखवायला ठेवा.

दुसरा रिमोट जोडायचा असेल तर नवा बोर्ड नको. लॅच, क्लॉक, ५ व्होल्ट आणि ग्राउंड या चारही तारा दोघांत वाटून द्या, फक्त डेटाची तार वेगळ्या पिनला लावा. एकच स्टॅच्यू, एकच टाळी, उत्तरं दोन. प्रोग्राममध्ये त्याच फेरीत दोन पिना वाचायच्या आणि कॉम्प्युटरला दोन गेमपॅड दाखवायचे. आपल्या यंत्रांसोबत आलेल्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नसले तर दचकू नका. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवरही ती दोन बटणं नव्हती, त्या जागी मायक्रोफोन होता. तेव्हा नव्या कॉम्प्युटरवरही गेम सुरू करायचा मान पहिल्या रिमोटवाल्याचाच, आणि पहिला रिमोट कुणाचा यावरून होणारी भांडणं जुनीच.